चुलीतला कार्बन ताणकाट्यावर

सुधारित चुलींच्या प्रकल्पात सर्वेला येणारी नवी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, कार्बन मोजायचं मशीन कुठंय?" मशीन नाही. सरपण तोलायचं आणि वजाबाकी करायची, एवढंच. म्हणून ताणकाटा आधी तपासून घ्या.

"काकू, रोज किती लाकूड लागतं?" असं विचारत बसू नका. "एक भारा" म्हणतील, आणि भारा घरागणिक वेगळा. त्यांच्याच ढिगातलं तीन दिवस पुरून उरेल एवढं सरपण बाजूला रचा, तोला, आणि यातलंच जाळा म्हणून सांगा. रोज त्याच वेळी जाऊन उरलेलं तोला. लग्न, सण असेल तर ते घर पुढे ढकला. ओलाव्याचा मीटर लाकूड फोडून आतल्या अंगाला टोचा. सालीवर टोचलंत तर आकडा फसवतो. माणशी सरपण काढायला जेवणारी माणसं रोज लिहा: १५ ते ५९ वयाचा पुरुष १, बाई ०.८, चौदापर्यंतचं मूल ०.५. (चूल फुंकणारी ०.८! असो, कोष्टक तसंच आहे.) पळाट्या, तुराट्या वेगळ्या तोला, त्या दरवर्षी शेतातच येतात, जंगलतोडीच्या हिशेबात धरत नाहीत.

आता गणित. समजा जुन्या चुलीला रोज ६ किलो लागत होतं, नवी आल्यावर ३.५. वर्षाला वाचलं साधारण ०.९१ टन. टनाला ०.०१५६ टेराज्यूल उष्णता आणि टेराज्यूलमागे ११२ टन कार्बन डायऑक्साइड धरला, की येतो १.६ टन. वाचलेल्या कार्बनचं श्रेय, म्हणजे कार्बन क्रेडिट, विकलं जातं, पण हा आकडा लगेच विकायचा नसतो. तोडलेल्या लाकडापैकी जे पुन्हा उगवत नाही, तेवढ्याच हिश्श्याचं श्रेय मिळतं. हिस्सा ८५ टक्के धरला तर १.३६ टन, ३० टक्के धरला तर ०.४८. चूल तीच, काकू त्याच! अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये चूल-प्रकल्पांची श्रेयं तपासली, तेव्हा ती सुमारे नऊपट फुगलेली निघाली. त्यात या हिश्श्याचा मोठा हात होता.

दुसरा हात वापराचा. नवी चूल घरात आहे म्हणजे पेटते असं नाही. भाकरीचा तवा मोठा म्हणून भाकरी जुनीवर, आंघोळीचं पाणी मागच्या दारी तीन दगडांवर. तिथलं सरपणही तोलाच. "वापरता ना?" या प्रश्नाला पाहुण्यासमोर कुणी नाही म्हणत नाही, त्यामुळे नव्या चुलीची काजळी बघा, जुनीच्या राखेवर हात धरून ऊब बघा, आणि दिसलं तसं लिहा.

घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली असतात. यादीतल्या घराला कुलूप दिसलं, की शेजारच्या ताई "या ना, आमची बघा" म्हणून बोलावतात. चहा घ्या, पण त्यांची चूल फॉर्मात भरू नका. हौसेनं बोलावणारीची चूल बहुधा लख्ख वापरातली असते, आणि अशीच घरं जमली तर सरासरी आपोआप चढते. राखीव यादीतलं पुढचं घर घ्या, मग ते गावाच्या दुसऱ्या टोकाला का असेना.