रॉडचा ब्रेक अडकतोय? स्प्रिंग बदलण्याआधी या चुका टाळा

जुन्या काळ्या सायकलीचा ब्रेक दाबला की लागतो, पण सोडला तरी सुटत नाही. रबर रिंगला घासत राहतं आणि चढावर उगाच दम लागतो. अशा वेळी बहुतेक जण दोनच उपाय सुचवतात: जोरकस स्प्रिंग टाका, नाहीतर रॉड काढून तारेचे ब्रेक बसवा. तारेच्या ब्रेकने सायकलीचा मूळ बाज जातो. जोरकस स्प्रिंगने ब्रेक हाताला जड होतो, आणि ज्या जागी अडकत होता तिथे अडकायचं कारण तसंच राहतं.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची रॅले असो, मद्रासला 1949 साली सुरू झालेल्या टीआय सायकल्सची हर्क्युलिस असो की सोनीपतची ॲटलस, या सायकलींच्या रॉड ब्रेकची रचना सारखीच. हँडलखालचा लिव्हर दाबला की उभा रॉड वर ओढला जातो. त्याबरोबर टायरवरून आलेला उलट्या यू आकाराचा सांगाडा उचलला जातो, आणि त्याच्या दोन पायांवरचे रबर रिंगच्या आतल्या, म्हणजे हबकडच्या बाजूला दाबले जातात. हे सगळं हाताच्या जोरावर होतं. परत यायला मात्र पुढच्या ब्रेकला सांगाड्याचं वजन आणि एक हलकी स्प्रिंग, एवढंच बळ असतं. मागचा सांगाडा तर आडवा सरकतो, त्याला वजनाचीही साथ नाही, म्हणून मागचा ब्रेक जास्त वेळा अडकतो. वाटेत कुठेही जरासं घासलं की परतीचं बळ तिथेच संपतं. ती जागा शोधणं हेच खरं काम.

ती न शोधताच पाना हातात घेणं ही पहिली चूक. आधी रॉड जिथे सांगाड्याला जोडलेला असतो तिथला क्लॅम्प सैल करून दोघांना वेगळं करा. सांगाडा हाताने उचलून सोडा. तो आपल्या वजनाने खाली आला, तर खालची बाजू निर्दोष आहे, दोष हँडलकडे. लिव्हर मोकळा फिरतोय पण सांगाडा अर्ध्यावर थांबतोय, तर चिमट्यावरच्या गाइड, म्हणजे सांगाड्याचे पाय ज्यांतून वरखाली सरकतात त्या पकडी, तपासा. मागच्या बाजूला असंच एकेक जोड सुटा करत जा: हँडल, पुढचा कोपरा, पेडलच्या एक्सलजवळचा कोपरा, मग सांगाडा. अर्धं काम इथेच होतं.

हँडल उंच केलं आणि ब्रेक अडकला

हे फार वेळा घडतं आणि फार कमी जणांच्या लक्षात येतं. तारेच्या ब्रेकला तार लवचीक असते, हँडल बोटभर वर घेतलं तरी बहुधा चालून जातं. इथे रॉड हँडलबरोबर वर जातो आणि सांगाड्यालाही ओढतो, म्हणजे ब्रेक कायमचा थोडा लागलेलाच राहतो. हँडलची उंची बदलली की पुढचा आणि मागचा, दोन्ही रॉड क्लॅम्पमध्ये पुन्हा जुळवावेच लागतात. रबर आणि रिंगमध्ये साधारण 2 ते 3 मिलिमीटर जागा ठेवा. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. वळवल्यावरच मागचा ब्रेक घासत असेल, तर दोष हँडलजवळच्या जोडात आहे, मागच्या सांगाड्याशी झटापट करू नका.

तेल

घरात असेल ते तेल ओतण्याची सवय या ब्रेकचा सर्वात मोठा शत्रू आहे. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली थिजतं. थंडीत सकाळी ब्रेक जाम आणि दुपारी मोकळा, अशी तक्रार असेल तर आधी हे विचारा. खायचं कुठलंही तेल कालांतराने चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि जोडांमध्ये काळा राळेसारखा थर तयार होतो. त्यावर नवं तेल घालून उपयोग नाही. जोड सोडवून रॉकेलमध्ये भिजवा, ब्रशने घासा, कोरडे करा आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. डब्ल्यूडी-40 गंजलेला नट सोडवायला चांगलं, पण टिकाऊ वंगण म्हणून त्यावर विसंबू नका. गाइडमध्ये तेल अगदी बेताने, कारण तिथून ओघळलेलं तेल थेट रिंगवर येतं. रबराला तेल लागलंच तर वरचा थर पॉलिश पेपरने काढा, रबर आत मुरेपर्यंत तेलकट झालं असेल तर बदला.

गाइड चिमट्यावर तिरक्या बसल्या असतील तर सांगाड्याचे पाय त्यांत अडकतात. इथे हातोडी चालवू नका. गाइडचे स्क्रू सैल करा, सांगाडा मोकळा वरखाली होईल अशी जागा पकडा आणि हलक्या हाताने आवळा. सांगाडाच वाकला असेल तर तो सायकलीवरून उतरवून, सपाट फरशीवर ठेवून तपासा.

चाकाकडे दुर्लक्ष नको. इथे रबर रिंगला खालून लागतं, त्यामुळे चाक डावी-उजवीकडे डुलण्यापेक्षा वरखाली उड्या मारत असेल तर जास्त त्रास. चाकाच्या एकाच जागी ब्रेक घासत असेल तर रॉडला हात लावू नका, आधी चाकाचा आउट काढून घ्या, म्हणजे स्पोक आवळून-सैल करून रिंग गोल करून घ्या.

क्रोमवरचा गंज खरबरीत पेपरने खरवडला तर क्रोमच जातं आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट येतो. हलका गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला की निघतो. शिवाय स्टीलच्या ओल्या रिंगवर रबराची पकड खूप कमी होते. ती भरून काढायला पावसाळ्यात रबर रिंगला टेकवून ठेवणारे बरेच आहेत. त्याने पकड वाढत नाही, ब्रेक घासतो तेवढा.

नवीन रबर बसवताना शूचं, म्हणजे रबर धरणाऱ्या धातूच्या खोबणीचं, बंद तोंड कुठे आहे ते दोनदा पाहा. चाक पुढे फिरताना त्या जागी रिंग ज्या दिशेने सरकते, बंद तोंड त्याच दिशेला हवं. उलटं बसलं तर जोरात ब्रेक मारताच रबर बाहेर सरकतं. यात हयगय नको.

जुन्या इंग्रजी बनावटीच्या बोल्टांचे आटे आजच्या मेट्रिक नटांशी जुळत नाहीत. जबरदस्तीने फिरवलेला नट आटे खातो, म्हणून मूळ नट-बोल्ट जपा आणि सोडवताना जोडाजोडाचा फोटो काढा. सगळं बसल्यावर सायकल ढकलत चालवा आणि दोन्ही ब्रेक पूर्ण जोराने दाबा. रॉड क्लॅम्पमधून सरकला तर त्याच वेळी कळेल. पहिल्या फेरीनंतर ते क्लॅम्प पुन्हा एकदा पाना लावून आवळा.