सायटेशन देताना या चुका टाळा

सायटेशन म्हणजे आधीच्या निवाड्याचा संदर्भ. अर्जाला पंधरा निवाडे जोडले की वजन येतं, असा ज्युनिअर वकील मंडळींचा समज असतो. कोर्ट त्यातला एखादाच उघडतं, आणि नेमका तोच वाचलेला नसतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे वकिलाचा युक्तिवाद कोर्टाचं मत म्हणून वाचणं. निवाड्यात आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवतात, निष्कर्ष बराच पुढे येतो. घाईत सर्च मारणाऱ्याला हवा तो शब्द दिसला की तो तेवढाच पॅरा उचलतो. एका दिवाणी अपिलात समोरच्या तरुण वकिलाने असा पॅरा ठणकावून वाचला. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, पुढचाही वाचा." पुढच्या पॅऱ्याची सुरुवातच होती, 'हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही.' नंतर त्याचे बाकीचे निवाडे कोणी उघडलेच नाहीत. मी निवाडा छापूनच घेतो आणि प्रत्येक पॅऱ्याच्या समासात पेन्सिलने लिहितो, बोलतंय कोण. कागद वाया जातो म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या वर छापलेला सारांश, मात्र उतरवू नका. ती संपादकाची असते, न्यायाधीशांची नव्हे.

सायटेशनमधले आकडेही नीट वाचा. उदाहरणार्थ केशवानंद भारती, (१९७३) ४ एससीसी २२५. एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा निवाड्यांचा संग्रह, ४ हा खंड. यातलं २२५ हे पान, पॅरा नव्हे. शिवाय १३ न्यायमूर्ती, ११ निकालपत्रं आणि ७ विरुद्ध ६ असा निकाल! कोणत्या न्यायमूर्तींचं वाक्य ते पॅऱ्यासकट लिहा, नाहीतर अल्पमत बहुमत म्हणून वाचाल.

(२०१४) ८ एससीसी २७३ आणि एआयआर २०१४ एससी २७५६ हे दोन निवाडे नव्हेत. एआयआर, म्हणजे 'ऑल इंडिया रिपोर्टर', हा दुसरा संग्रह; दोन्हीकडे अटकेबाबतचा अर्नेश कुमार निवाडाच आहे. त्यातलं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१-अ आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये गेलंय; १ जुलै २०२४ नंतरच्या अर्जात कलमांचे दोन्ही क्रमांक द्या.

निवाडा नंतर रद्दबातल ठरलाय का, तेही पाहा. एडीएम जबलपूर हा आणीबाणीतला निवाडा २०१७ च्या पुट्टास्वामी (खासगीपणाचा हक्क) निकालानंतर आधाराला घेता येत नाही.

न्यूट्रल सायटेशन म्हणजे कोर्टाने स्वतःच निवाड्याला दिलेला क्रमांक. मुंबई उच्च न्यायालयाच्या अशा क्रमांकातली एएस, एनएजी ही अक्षरं गाळू नका. निवाडा मुंबईतल्या अपील शाखेचा की नागपूर खंडपीठाचा, ते त्यावरूनच कळतं.

राहिलं चॅटजीपीटी. त्याने रचलेले निवाडे दाखल केले म्हणून न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाचा ई-एससीआर हा ऑनलाइन निवाडासंग्रह फुकट आहे. तिथे निवाडा शोधा, उघडा. कुठेच मिळाला नाही तर अर्जातून काढून टाका.