फास्ट चार्जिंग होत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

पुण्यात तापकीर गल्लीजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं काउंटर आहे. परवा एक काकू आल्या. "दादा, रात्री नऊला चार्जिंगला लावते, सकाळी सहाला बघते तर ऐंशी टक्केसुद्धा नाही. बॅटरीच बदलून टाका." फोन दीड वर्षाचा, १८ वॅटचा अडॅप्टर मूळ बॉक्समधलाच. मी अडॅप्टर आणि केबलच्या मध्ये यूएसबी मीटर लावला. ५ व्होल्ट, ०.४५ अँपिअर. म्हणजे जेमतेम सव्वादोन वॅट.

"काकू, ही केबल कुठली?"

"घरातलीच आहे, ह्यांच्या ट्रिमरची."

माझ्याकडची चांगली केबल लावली आणि मीटरवरचा आकडा हलला. ९ व्होल्ट, १.८ अँपिअर, म्हणजे १६ वॅट. बॅटरी ठणठणीत होती. त्यांचे पैसे वाचले, पण असे पैसे घालवून बसलेली माणसं मी दर आठवड्याला पाहतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

केबलला कमी लेखू नका

अडॅप्टर भिंतीत खोचल्याबरोबर पूर्ण ताकदीनं वीज सोडत नाही. सुरुवात ५ व्होल्टनं होते. मग फोन आणि अडॅप्टर केबलमधून एकमेकांना विचारतात, तू किती देऊ शकतोस, मला किती झेपेल. दोघांचं जुळलं तरच व्होल्टेज ९ किंवा त्याच्या वर जातं. ट्रिमर, छोटा स्पीकर यांच्या स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात. बोलणं करायला तार नाही, म्हणून फोन सावध राहतो आणि अगदी थोडी वीज घेतो.

बोलायची भाषाही एक नाही. काही कंपन्या व्होल्टेज वाढवतात, तर ओप्पोच्या वूकसारख्या पद्धतीत व्होल्टेज कमी ठेवून करंट वाढवतात. त्यासाठी जाड तारांची, त्यांचीच केबल लागते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच धरायची. त्यापुढे ५ अँपिअरला आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल हवी. भाषा किंवा केबल जुळत नाही, म्हणून लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर लावूनही ६७ वॅटचा फोन रेंगाळतो, त्यात कुणाचाच दोष नसतो. याच्या उलट भीतीही खोटी आहे. १८ वॅटच्या फोनला ६५ वॅटचा चांगला चार्जर लावला तर बॅटरी जळत नाही. फोन मागेल तेवढंच मिळतं. अडॅप्टर घेताना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का मात्र बघाच.

दोन पोर्टचा अडॅप्टर असेल आणि शेजारी दुसरा फोन लावला असेल, तर बहुतेक वेळा वीज वाटली जाते. आधी तो काढून बघा.

पोर्टमधला कापूस

हे सगळ्यात जास्त सापडतं. जीन्सच्या खिशातली लव आणि रस्त्यावरची धूळ पोर्टच्या तळाशी दाबली जाऊन तिचा नमद्यासारखा थर बसतो. पिन आत गेल्यासारखी वाटते, पण नीट पाहिलं तर कडेला बारीक फट राहते आणि हलका धक्का लागला तरी सुटते. फोन बंद करा, उजेडात धरा आणि लाकडी टूथपिकनं कडेकडेनं हळूच उकरा. मधल्या पट्टीवर जोर देऊ नका. सेफ्टी पिन किंवा सुई अजिबात नको. पावसाळ्यात ओलाव्याची सूचना आली तर पोर्ट खाली करून हलकेच झटका आणि हवेशीर जागी ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची पूड आत जाते. हेअर ड्रायरही नको.

८० नंतर मंदावणं हा बिघाड नाही

"सत्तरपर्यंत भर्रकन जातो, मग अडतो," ही तक्रार रोजची. स्वारगेटला रिकामी पीएमपी बस लागली की पहिले तीस जण भराभर बसतात, पुढच्यांना जागा शोधत आत सरकावं लागतं. बॅटरीत तसंच होतं. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आतल्या ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात. जागा कमी उरली असताना रेटा तोच ठेवला, तर आयन आत न जाता पृष्ठभागावर धातू होऊन साचतात, आणि ते नुकसान पुरतं भरून येत नाही. म्हणून आधी करंट जास्त ठेवतात, आणि सेलचं व्होल्टेज मर्यादेला टेकलं की ते तिथेच धरून करंट कमी करत नेतात. घाईत असाल तर ८० ला काढा. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी ताटकळू नका.

उष्णता

बॅटरीचा खरा शत्रू वॅट नाही, उष्णता आहे, आणि आपल्या पुण्यात एप्रिल-मे म्हणजे त्याची परीक्षाच. दुचाकीच्या हँडलवर, भर दुपारी, नकाशा चालू, ब्राइटनेस पूर्ण आणि वर चार्जिंग. डिलिव्हरी करणाऱ्या पोरांचे फोन माझ्याकडे येतात तेव्हा हात लावल्यावरच कळतं. ३५ अंशांच्या वरच्या हवेत आयफोनच्या बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असं खुद्द अ‍ॅपल सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ३८ च्या पुढे जातो. फोन तापला की तो स्वतःच करंट कापतो, त्यामुळे 'फास्ट' लिहिलेलं असूनही आकडा हलत नाही. कव्हर काढा, सावलीत ठेवा, गेम बंद करा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि गार सेलमध्ये आयन आणखी सावकाश शिरतात. उशीखाली ठेवून चार्ज करणंही सोडा, रात्रीचं तर नक्कीच.

बॅटरी खरंच बदलायची वेळ

दुसरी केबल, दुसरा अडॅप्टर, साफ पोर्ट आणि गार फोन, इतकं करूनही दिवस निघत नसेल तर सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्ज-चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राहील अशा बेतानं बनवलेल्या आहेत. त्याखाली गेली असेल तर बदला.

मागचं पॅनल उचललेलं दिसलं, स्क्रीनच्या कडेला फट पडली किंवा टेबलावर फोन डुगडुगायला लागला, तर आकडे बघत बसू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा, फोन बंद करा, दाबून पॅनल बसवायला जाऊ नका आणि त्याच दिवशी दुकान गाठा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचऱ्यात वेगळी द्या. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडली की पेट घेते, आणि तिथे माणसं काम करत असतात.