ग्राफीन वाढवताना या चुका टाळा: रेसिपी बदलण्याआधी फॉइल, व्हॉल्व्ह आणि चिमटा बघा

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर. लेझरने त्याची तपासणी करणाऱ्या रामनच्या आलेखात १३५० (प्रति सेंटिमीटर) च्या आसपास डी पीक, म्हणजे दोषाची खूण, उभा राहिला की नवीन विद्यार्थ्याचा हात पहिल्यांदा रेसिपीकडे जातो. तापमान दहा अंश वर, मिथेन थोडा कमी, हायड्रोजन थोडा जास्त. माझं पीएचडीचं पहिलं वर्ष जवळजवळ असंच गेलं. दोष भट्टीत फार क्वचित निघाला. तो भट्टीच्या आधी असायचा, नाहीतर नंतर.

याला कारण आहे. २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलून ग्राफीन वेगळं केलं, पण ते तुकडे अगदी छोटे होते. २००९ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या रूऑफ यांच्या गटाने २५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या फॉइलवर, सुमारे १००० अंशांना, मिथेनमधून सेंटिमीटरभर रुंदीचं ग्राफीन वाढवलं. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे पृष्ठभाग एकदा झाकला गेला की वाढ आपोआप मंदावते आणि बहुतांश जागी एकच थर राहतो. निकेलमध्ये कार्बन मुरतो आणि थंड होताना बाहेर येतो, म्हणून तिथे कुठे एक थर, कुठे पाच. तांब्याची प्रक्रिया बऱ्याच चुका पोटात घालते. जे ती पोटात घालत नाही, त्याबद्दल लिहितो.

फॉइल जशीच्या तशी भट्टीत घालणे

बाजारात मिळणाऱ्या काही फॉइलवर तांबं काळवंडू नये म्हणून क्रोमियम ऑक्साइडचा पातळ लेप असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि ॲसिटोनने जात नाही. ॲसेटिक ॲसिड कॉपर ऑक्साइड काढतं, पण या लेपाला हात लावत नाही. विरल नायट्रिक ॲसिडमध्ये अर्धा मिनिट बुडवून भरपूर पाण्याने धुतलं की फरक पडतो. लेप तसाच राहिला तर वाढीनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पांढरे ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती दुसरा-तिसरा थर साचलेला असतो. असेच ठिपके क्वार्ट्झच्या ट्यूबमधून उडालेल्या सिलिकाच्या कणांमुळेही पडतात. म्हणून ट्यूबचा आतला भाग खरखरीत आणि पांढुरका झाला असेल तर ती बदला. ट्यूबच्या थंड टोकाला साचलेल्या तांब्याची पापडीही वेळच्या वेळी काढा.

सेटपॉइंट शून्य म्हणजे गॅस बंद, असं समजणे

मास फ्लो कंट्रोलर, म्हणजे ठरवून दिलेल्या आकड्याइतका (सेटपॉइंट) गॅस सोडणारं उपकरण, शून्यावर असला तरी थोडा गॅस झिरपू देतो. आपण अर्धा-पाऊण तास फॉइल हायड्रोजनमध्ये तापवतो, तांब्याचे कण मोठे व्हावेत म्हणून. त्याच वेळात झिरपलेल्या मिथेनने ग्राफीनची शेकडो बीजं रुजलेली असतात. वाढ सुरू करण्याआधीच वाढ झालेली! कंट्रोलरच्या पुढे हाताने बंद होणारा साधा व्हॉल्व्ह बसवला की हा त्रास संपतो.

दुसरी गळती बाहेरच्या हवेची. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं गेजकडे बघत बसा. दाब चढत असेल तर त्या दिवशी रन घेऊ नका. तापलेल्या ग्राफीनला ऑक्सिजन कुरतडतो आणि नंतर त्या भोकांचं खापर हायड्रोजनवर फुटतं. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांदरम्यान पेट घेतो, त्यामुळे ही तपासणी सुरक्षेसाठीही टाळता येत नाही.

तापमानाबद्दल एवढंच: डिस्प्लेवरचा आकडा ट्यूबबाहेरच्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा) असतो. तांबं १०८५ अंशांना वितळतं. १०६० लावून फॉइलची गोळी झालेली मी पाहिली आहे.

ट्रान्सफरमध्ये घाई

ट्रान्सफर म्हणजे ग्राफीन तांब्यावरून वेफरवर, सिलिकॉनच्या चकतीवर, नेणं. त्याआधी एक सोपी चाचणी. वाढवलेल्या फॉइलचा कोपरा कापा आणि हॉटप्लेटवर १५० ते २०० अंशांना काही मिनिटं ठेवा. उघडं तांबं लालसर तपकिरी होतं, ग्राफीनखालचं चमकत राहतं. सूक्ष्मदर्शकाखाली चमकदार बेटं आणि त्यांमधल्या लाल खाचा स्पष्ट दिसतात. अर्ध्या तासात कळतं की वाढ पुरी झाली की नाही. तरीही लोक ही चाचणी सोडून थेट ट्रान्सफरला लागतात. मग वेफरवर भोकं दिसली की वाढीत पडली की ट्रान्सफरमध्ये, हे सांगायला कोणी उरत नाही.

ग्राफीन फॉइलच्या दोन्ही बाजूंना वाढतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि ऐनवेळी विसरलं जातं. पीएमएमए (आधाराला लावायचं पातळ प्लास्टिक) वरच्या बाजूला लावलं, तांबं विरघळलं, की मागच्या बाजूचं ग्राफीन काळ्या चिंध्यांसारखं खाली चिकटून राहतं. तांबं विरघळवण्याआधी मागची बाजू ऑक्सिजन प्लाझ्माने (विद्युतभारित ऑक्सिजन वायूने) अर्धा-एक मिनिट साफ करा.

सगळ्यात जास्त नमुने मात्र पाण्यामुळे जातात. तीन भांड्यांतल्या शुद्ध पाण्यात फिल्म धुवून झाली, वेफरवर उचलली, की माणूस थकलेला असतो आणि वेफर थेट १५० अंशांच्या हॉटप्लेटवर जातो. फिल्मखाली अडकलेलं पाणी उकळतं आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. वेफर तिरका उभा करून रात्रभर निथळू द्या, मग ६०-७० अंश, मग हळूहळू वर. पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या हवेत रात्रभरही पुरत नाही, डेसिकेटर (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) लागतो. फिल्म उचलण्याआधी वेफरला प्लाझ्मा दिला असेल तर पाणी पसरतं, थेंब होऊन अडकत नाही. आणि पीएमएमए फार तापवू नका, नंतर ते ॲसिटोनला दाद देत नाही.

वेफर मागवताना ऑक्साइडची जाडी बघून मागवा. ९० किंवा ३०० नॅनोमीटरवर एक थर सूक्ष्मदर्शकात दिसतो. मधल्या काही जाड्यांवर तो जवळजवळ लपतो. ग्राफीनचा एक थर पांढऱ्या प्रकाशाचा सुमारे २.३ टक्के भागच शोषतो, बाकी मदत ऑक्साइडमधल्या व्यतिकरणाची असते.

एका बिंदूच्या रामनवर विश्वास

तांब्यावरच ५३२ नॅनोमीटरचा लेझर टाकला की तांब्याच्या स्वतःच्या प्रकाशाचा मोठा उतार येतो आणि छोटा डी पीक त्यात बुडतो. ४८८ किंवा ४५७ वापरा, नाहीतर वेफरवर नेल्यावर मोजा. पॉवर १ मिलिवॉटच्या आत ठेवा. ग्राफीनच्या रामनमधला २७०० जवळचा टूडी पीक १५८० च्या जी पीकपेक्षा दुप्पट उंच असला की लोक एकच थर म्हणून मोकळे होतात. पण एकमेकांवर फिरून बसलेले दोन थरही तसेच दिसू शकतात. पीकची रुंदी बघा आणि निदान दहा ठिकाणी मोजा.

चुंबकीय मापनासाठी साधा चिमटा

चुंबकीय उपकरणं करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. एक चौरस सेंटिमीटर ग्राफीनचं वजन सुमारे ७७ नॅनोग्रॅम असतं. केसाएवढ्या जाडीचा लोखंडाचा एक कण जवळपास १ मायक्रोग्रॅम भरतो, म्हणजे अख्ख्या नमुन्याच्या तेरापट. स्टीलच्या चिमट्याने वेफरची कड खरवडली की असा किंवा याहून बारीक कण मागे राहतो आणि स्क्विडला (अगदी क्षीण चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राला) तेवढा पुरतो. तांबं फेरिक क्लोराइडने विरघळवलं असेल तर लोखंडाचे अंश फिल्मखालीच बसतात. खोलीच्या तापमानाला सुंदर हिस्टरेसिस लूप, म्हणजे चुंबकाची ओळख असलेला आलेखातला उघडा वळसा, मिळतो आणि ‘चुंबकीय ग्राफीन’ सापडल्याचा आनंद होतो. आम्ही तो आनंद एक आठवडा घेतला. मग त्याच वेफरच्या ग्राफीन नसलेल्या तुकड्याने तोच लूप दिला.

तेव्हापासून आमच्याकडे प्लास्टिक किंवा टायटॅनियमचा चिमटा आणि अमोनियम परसल्फेटचं विरल द्रावण, एवढंच चालतं. द्रावण दाट केलं तर फिल्मखाली बुडबुडे येतात, म्हणून वेळ लागला तरी विरलच. प्रत्येक बॅचबरोबर एक कोरा वेफर त्याच पीएमएमए, त्याच पाण्यातून आणि त्याच हातांतून जातो. स्क्विडमध्ये आधी तो ठेवायचा. त्याचा आलेख लूप न उघडता सरळ रेषेत आला, तरच ग्राफीनच्या नमुन्याची पाळी.