रिपोर्ट ग्रुपवर टाकण्याआधी पट्टी लावा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयासमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीक विमा, आयुष्मान कार्ड, झेरॉक्स, सगळं चालतं. पण दुपारपर्यंतची गर्दी असते ती रिपोर्टवाल्यांची. कोणाला नागपूरच्या मेडिकल कॉलेजला न्यायला प्रती पाहिजेत, कोणाला सेवाग्रामच्या दवाखान्याचा रिपोर्ट छापून पाहिजे. आणि हल्ली कितीतरी जण छापलेला कागद काउंटरवर तसाच पसरवतात, मोबाइल माझ्या हातात देतात अन् म्हणतात, "भाऊ, याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकून दे ना."

टाकायला काय लागतं? पण मी आधी विचारतो, "तुले पायजे काय? रक्त, पैसा का सल्ला?" माणूस थोडा अडखळतो, कारण त्यानं तेवढा विचार केलेला नसतो. घरात दुखणं आलं की घाबरून सगळ्यांना सांगावंसं वाटतं, ते साहजिक आहे. पण या तिन्हींपैकी एकाही गोष्टीसाठी अख्खा रिपोर्ट लागत नाही.

रक्त हवं असेल तर ग्रुपवर इतकंच लिहा: "बी पॉझिटिव्ह रक्त, २ पिशव्या. अमुक रक्तपेढी. आज १४ तारीख, संध्याकाळी ५ पर्यंत. संपर्क:" आणि पुढे घरातल्या धडधाकट माणसाचा नंबर. आजार कोणता, वॉर्ड कोणता, रुग्णाचं नाव काय, हे रक्तदाता फोन करेल तेव्हा त्याला एकट्याला सांगता येतं. तारीख विसरू नका. बिनतारखेचा मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर वर्षभर फिरतो आणि माणूस बरा होऊन धानाच्या रोवणीला लागला तरी फोन येत राहतात. रक्त मिळालं की "मिळालं, धन्यवाद" असं टाका आणि पहिला मेसेज उडवा. खरं तर मेसेजच्याही आधी ई-रक्तकोशच्या साइटवर कोणत्या रक्तपेढीत कोणता गट शिल्लक आहे ते बघावं. पुष्कळदा काम तिथंच होतं.

पैशाचं प्रकरण जास्त नाजूक. लोकांचा विश्वास बसावा म्हणून काहीतरी कागद दाखवावा लागतो, हे मलाही पटतं. मग रुग्णालयानं दिलेला खर्चाचा अंदाज दाखवा. तपासणीचा रिपोर्ट, नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो, उघड्या अंगावरची जखम, यातलं काहीही नको. आठ वर्षांच्या पोरीचा खाटेवरचा फोटो ती कॉलेजात गेल्यावरही कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल. पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात मागा. स्वतःचा क्यूआर कोड टाकायचाच असेल तर खातेदाराचं नाव अक्षरांत लिहा आणि "पिन टाकण्याआधी हेच नाव दिसतं का बघा" अशी ओळ जोडा. कारण चोर लोक तुमचंच आवाहन उचलतात, तुमचाच फोटो ठेवतात, कोड फक्त आपला चिकटवतात. आणि आवाहनाच्या आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या १५५३८८ या नंबरवर एक फोन लावा. योजनेत बसत असेल तर गावापुढे हात पसरायची पाळीच येत नाही.

सल्ला मागायचा असेल तर ग्रुप ही जागाच नव्हे. तिथं उत्तर देतात ते चुलते, भाचे आणि जडीबुटीवाले. रिपोर्ट एका डॉक्टरला, त्याच्या एकट्याच्या नंबरवर पाठवा. डॉक्टर ओळखीचा नसेल तर आरोग्य उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमकडे जा. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून त्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात.

आता पट्टी. डॉक्टर सोडून दुसऱ्या कोणाला कागदाचा फोटो पाठवणं खरंच भाग असेल तर कागद नीट बघा. वर नाव, वय, रुग्ण क्रमांक, कधी मोबाइल नंबर, पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव असतं. कोपऱ्यात बारकोड किंवा क्यूआर कोड असतो, आणि काही लॅबचा तो कोड स्कॅन केला की अख्खा रिपोर्ट उघडतो. म्हणजे नाव झाकलं अन् कोड उघडा ठेवला तर झाकून उपयोग काय? लेटरहेडही बघा. "एआरटी केंद्र" (म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराचं केंद्र) किंवा "क्षयरोग विभाग" एवढा शिक्का दिसला की खाली काय लिहिलंय ते वाचायची कोणाला गरजच राहत नाही. आमच्याकडे कटिंगमधून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या असतात. त्या या सगळ्या जागांवर ठेवायच्या आणि मग फोटो काढायचा. कागद पातळ असेल तर खाली पुठ्ठा घ्या, नाहीतर मागच्या पानावरचं आरपार दिसतं. मोबाइलमध्ये बोटानं काळं फासणं मला पसंत नाही: तो मार्कर बरेचदा अर्धपारदर्शक असतो आणि फोटोचा उजेड वाढवला की खालची अक्षरं वर येतात. पीडीएफवर ठेवलेला काळा चौकोनही कधी कधी नुसता बाजूला सरकवता येतो. कागदाची पट्टी सरकवता येत नाही. आधार जोडायचा असेल तर मास्क केलेला आधार काढा. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

आमच्या भागात एका रिपोर्टबद्दल मी जरा जास्तच कडक आहे: सिकलसेल. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा इकडं आईबापाकडून मुलांत येणारा हा रक्ताचा आजार घराघरांत माहीत आहे. कागदावर दोनच अक्षरं असतात. एएस म्हणजे वाहक, स्वतःला सहसा त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण. आता विचार करा. पोराचा एसएस रिपोर्ट ग्रुपवर पडला म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही तो दोष आला, हे न तपासता सगळ्यांना कळलं. पोरगी एएस असेल तर दोघांपैकी एकाकडून तरी तो दोष आला असणारच. भावंडं, मामा, आत्या, सगळ्यांवर बोट येतं. एका घरातला कागद असा पसरलेला मी पाहिलाय. मोठी मुलगी दुखण्यानं तळमळत होती, रक्त पाहिजे होतं, काकानं रिपोर्ट जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. रक्त मिळालं. पुढं धाकटीला स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांनी त्याच रिपोर्टचा स्क्रीनशॉट बापापुढं धरला. धाकटीचा रिपोर्ट एए, म्हणजे तिच्यात काहीच नव्हतं. पण तिचा कागद कोण बघतो? काकाचं तरी काय चुकलं म्हणायचं, त्यानं धावपळच केली होती.

याचा अर्थ सोयरिकीत लपवा असा नव्हे. उलट लग्नाआधी दोघांचीही तपासणी झालीच पाहिजे, कारण दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पण तो कागद दोन घरांनी समुपदेशकासमोर बसून हातात घेऊन बघायचा. बायोडाट्याच्या ग्रुपवर शेकडो लोक असतात, त्यातल्या एकाशीच सोयरीक व्हायची असते.

कधी कधी आपण काहीच टाकत नाही, दुसरेच टाकतात. नेत्याच्या वाढदिवसाला वॉर्डात फळवाटप होतं आणि संध्याकाळी तुमच्या म्हाताऱ्या बापाचा सलाईनसकट फोटो चार ग्रुपवर असतो. टीबीच्या रुग्णांना निक्षय मित्र, म्हणजे मदत करणारे दाते, पोषण किट देतात, काम चांगलं आहे, पण किट हातात धरून रांगेत उभं करून काढलेला फोटो म्हणजे नावागावासह जाहीर केलेला रोग. सरळ म्हणा, "किट द्या, फोटो नको जी." आवाज चढवायची गरज नाही, तोंड वळवलं तरी पुरतं. कोणी फवारणीचं औषध पिऊन दाखल झालं असेल तर घरातल्या एकानं खाटेपाशी उभं राहून मोबाइल खाली ठेवायला सांगावं. मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजारासाठी उपचार घेणाऱ्याचे फोटो आणि माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांत देता येत नाही. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. दुसऱ्याला एचआयव्ही असल्याचं त्याच्या संमतीशिवाय उघड करणं त्यात मना आहे. पण २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आपण स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही. म्हणून माझा भर टाकल्यानंतरच्या तक्रारीपेक्षा टाकण्याआधीच्या पट्टीवर आहे.

टाकून बसला असाल तर उशीर करू नका. व्हॉट्सअॅपवर "सर्वांसाठी हटवा" हे दोन दिवसांच्या थोडं वरपर्यंत चालतं. मुदत गेली तर ग्रुप अॅडमिनला सांगा, तो कोणाचाही मेसेज काढू शकतो. ज्यांनी पुढं पाठवला किंवा स्क्रीनशॉट घेतला त्यांच्याकडचा मात्र निघत नाही. स्टेटस २४ तासांत आपोआप जातं, पण ठेवण्याआधी ते कोणाला दिसावं हे निवडता येतं. खतवाला, पतसंस्थेचा वसुलीवाला, होणारे व्याही सगळे तुमच्या यादीत आहेत. फेसबुकवरच्या जुन्या पोस्टचा प्रेक्षक "सार्वजनिक" वरून "मित्र" करा आणि प्रोफाइल लॉक करा.

नंबरासकट आवाहन फिरलं की आठवडाभरात फोन येतात: "योजनेतून बोलतोय, तुमच्या पेशंटचे पैसे मंजूर झाले, ओटीपी सांगा." त्याला नाव, आजार, दवाखाना सगळं माहीत असतं, कारण तुम्हीच लिहिलेलं असतं. ओटीपी देऊ नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जेवढा उशीर तेवढे पैसे परत मिळायची आशा कमी.

आणि माझ्यासारख्या दुकानदारांवरही लक्ष ठेवा. तुम्ही दुकानाच्या नंबरावर रिपोर्ट पाठवता, तो आमच्या चॅटमध्ये राहतो, कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्येही राहतो. छापून झालं की समोर उभं राहून दोन्हीकडून काढायला लावा, रिसायकल बिनमधूनही. आमच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सअॅप उघडलं असेल तर जाताना मोबाइलमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून लॉगआउट करा. खराब छपाईचा कागद आमच्या टोपलीत टाकू नका, मागून कोरा दिसला की आम्ही तोच हिशेबाला वापरतो, घरी न्या. दुकानदार कुरकुरला तर पुढच्या खेपेला शेजारच्याकडून छापून घ्या, दर एकच आहे.