जास्त पळालेल्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल: बदलायचं की नाही ठरवताना या चुका टाळा

गाडीनं दीड लाख किलोमीटर पार केलेत, गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही आणि आता दोन टोकांचे सल्ले कानावर पडतात. एक म्हणतो, आजच बदला. दुसरा म्हणतो, हात लावू नका, नवीन ऑइल पडलं की गिअरबॉक्स बसतो. दोघांनीही किलोमीटर मोजलेत, गिअरबॉक्सची तब्येत कुणीच पाहिलेली नाही. निर्णय मात्र तब्येतीवरच घ्यायचा असतो.

‘नवीन ऑइलनं गिअरबॉक्स बसतो’ हे प्रमाण मानणं

ऑटोमॅटिकमधलं ऑइल, म्हणजे एटीएफ, नुसतं वंगण नाही. त्याच्या दाबावर क्लच प्लेटा आवळल्या जातात, टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद तेच पुढे नेतं, उष्णताही तेच बाहेर काढतं. प्लेटा किती सहज आणि किती घट्ट पकडतील, हे त्यातल्या फ्रिक्शन मॉडिफायरवर, म्हणजे घर्षण नियंत्रित करणाऱ्या रसायनांवर, अवलंबून असतं. उष्णतेनं हे घटक संपत जातात. ऑइलचं तापमान 10 अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून घाटात, रहदारीत किंवा ओझं ओढत पळालेल्या गाडीचे एक लाख किलोमीटर आणि मोकळ्या महामार्गावरचे एक लाख किलोमीटर सारखे नसतात.

मग बदलल्यावर गिअरबॉक्स गेल्याचे किस्से येतात कुठून? बहुतेक वेळा गिअर घसरायला लागल्यावरच मालकाला ऑइल आठवतं. प्लेटांचं अस्तर तोवर जळालेलं असतं, आठवड्याभरात गिअरबॉक्स बंद पडतो आणि खापर नव्या ऑइलवर फुटतं. खरा धोका दुसरा आहे: वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांमध्ये अडकणं. तो बऱ्याच अंशी ऑइल कसं बदललं यावर अवलंबून असतो.

‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावरही विसंबू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी आपल्या प्रवासी गाड्यांच्या ऑटोमॅटिकसाठी वापरानुसार 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायला सांगते. तिचे गिअरबॉक्स वापरणाऱ्या काही कार कंपन्या मात्र तेच ऑइल आयुष्यभराचं म्हणत आल्या आहेत.

फक्त रंग पाहून ठरवणं

काळपट तांबडं किंवा तपकिरी ऑइल म्हणजे ते जुनं झालंय, एवढंच. थेंबभर ऑइल पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका आणि काही मिनिटं थांबा. डाग पसरून कडेला फिकट होत गेला आणि वास तेलकटच असेल, तर गिअरबॉक्स बहुधा धडधाकट आहे. मधोमध काळे कण राहिले आणि करपट वास आला, तर प्लेटांचं अस्तर जळतंय. दुधाळ गुलाबी रंग दिसला तर गाडी चालवूच नका. बहुधा रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलाय. कूलंटमधलं ग्लायकोल प्लेटांचं अस्तर चिकटवणारा गोंद सोडवतं, त्यामुळे आधी कूलर बदलावा लागतो. त्याआधी नवीन ऑइल टाकणं म्हणजे तेही वाया घालवणं.

सगळ्यात खात्रीची खूण चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं, उघडल्यावर मिळते. तळाशी असलेल्या चुंबकावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप असणं नेहमीचंच आहे. त्यात टोचणारे लोखंडाचे तुकडे असतील, किंवा चेंबरमध्ये पितळी चमक असलेल्या पापड्या दिसल्या, तर आतलं गिअर, बेअरिंग किंवा बुश झिजतंय. अशा गिअरबॉक्सला ऑइलनं गुण येत नाही.

दुखणं न ओळखता ऑइलला औषध समजणं

साधारण 60 ते 80 च्या वेगात ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना गाडी खडबडीत पट्ट्यावरून चालल्यासारखी थरथरते? हे टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचच्या) बिघाडाचं लक्षण असू शकतं आणि इथे ऑइल बदलण्याचा खरोखर उपयोग होण्याची शक्यता चांगली असते. फक्त इंजिनचं मिसफायर किंवा तुटलेलं माउंटिंगही अशीच थरथर देतं, ते आधी तपासा.

आरपीएम चढतात पण गाडी ओढत नाही, गिअर टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी पकडतो, रिव्हर्स लागतच नाही, अशा तक्रारींत पहिलं काम लेव्हल पाहण्याचं. गळतीमुळे ऑइल कमी झालं असेल तर पंप हवा ओढतो आणि नेमकी हीच लक्षणं दिसतात. लेव्हल बरोबर असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी0730 म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, पी0741 म्हणजे लॉकअप क्लच नीट काम करत नाही. सोलेनॉइडचा (ऑइलची वाट उघडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा) किंवा वायरिंगचा दोष निघाला तर तो दुरुस्त करावाच लागतो. प्लेटा घसरत असतील आणि ऑइल करपलेलं असेल, तर आमचं मत सरळ आहे: ऑइलवरचा खर्च वाचवा आणि तो गिअरबॉक्स उघडण्यासाठी राखून ठेवा.

‘सगळी ऑटोमॅटिक ऑइलं सारखीच’

सीव्हीटीमध्ये, म्हणजे गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, साधं एटीएफ टाकलं तर पट्टा पुलीवर घसरून दोन्हींवर ओरखडे पडतात. डीसीटी म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक: ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचच्या डीसीटीचं ऑइल वेगळं, कोरड्या क्लचच्या डीसीटीत गिअरचं आणि हायड्रॉलिक भागाचं ऑइल बहुधा वेगवेगळं. एएमटी तर मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स, त्यात गिअर ऑइल लागतं. डब्यावर ‘मल्टी व्हेइकल’ लिहिलंय यावर थांबू नका. गाडीच्या माहितीपुस्तिकेत (मॅन्युअलमध्ये) दिलेला स्पेक, म्हणजे ऑइलचा ठरलेला प्रकार, उदाहरणार्थ डेक्सरॉन VI, टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-1 किंवा निसान सीव्हीटीचं एनएस-3, अक्षरन् अक्षर जुळवून पाहा.

मशीननं एका दमात सगळं ऑइल बदलणं

जास्त पळालेल्या आणि कधीच ऑइल न बदललेल्या गाडीत दाबाचं मशीन आणि सफाईचं केमिकल, दोन्ही टाळा. साचलेला गाळ यांनीच उखडतो. त्याऐवजी ड्रेन प्लगमधून निघेल तेवढंच काढा आणि तेवढंच भरा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं ऑइल निघत नसल्यामुळे एका वेळी साधारण 30 ते 50 टक्केच बदलतं. समजा एकूण 8 लिटर मावतं आणि 3.2 लिटर निघतं. पहिल्या खेपेनंतर 60 टक्के जुनं उरतं, दुसऱ्या खेपेनंतर 36, तिसऱ्या खेपेनंतर सुमारे 22 टक्के. म्हणजे 9.6 लिटर ऑइलमध्ये 78 टक्के नवीन. दोन खेपांमध्ये 500 ते 1000 किलोमीटर गाडी चालवा आणि दर वेळी निघालेलं ऑइल तपासा. दुसऱ्या खेपेला काळे कण वाढलेले दिसले तर तिथेच थांबून कारण शोधा.

काम करताना होणाऱ्या चुका

भरण्याचा प्लग आधी उघडून बघा, मगच खालचा ड्रेन प्लग सोडा. भरण्याचा प्लग गंजून अडकलेला असेल आणि ऑइल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी जागची हलवता येत नाही. काही गाड्यांत इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग जवळजवळ असतो. चुकीचा उघडला की इंजिन रिकामं होतं आणि आधीच भरलेल्या गिअरबॉक्समध्ये जास्तीचं ऑइल जातं. निघालेल्या ऑइलचा रंग आणि वास पाहून खात्री करा.

काढण्याआधी लेव्हल तपासून लिहून ठेवा. ‘जेवढं निघालं तेवढं भरलं’ हे गणित आधीची लेव्हल बरोबर असेल तरच जुळतं.

फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरच्या नळीवरचं रबरी सील पुष्कळदा वर भोकातच चिकटून राहतं. ते तसंच ठेवून सीलसकट नवा फिल्टर दाबला की तो तिरका बसतो, पंप हवा ओढतो आणि गिअरबॉक्समधून घूं-घूं आवाज येऊ लागतो. टॉर्च मारून भोक बघा, सील स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, भोकाच्या आतल्या भिंतीला ओरखडा पडेल.

चेंबरचं पॅकिंग नवीनच लावा. कंपनीनं सांगितलं नसेल तर वर सिलिकॉन थापू नका, दाबून आत गेलेले त्याचे धागे फिल्टरवर जमतात. चेंबरचे बोल्ट लहान असतात, बहुतेकांना 10 न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. आडवे-उभे, दोन फेऱ्यांत कसा. पुसायला सुती चिंध्या वापरू नका, त्यांचे तंतू व्हॉल्व्ह बॉडीतला स्पूल (आत सरकणारा व्हॉल्व्ह) अडकवतात.

लेव्हल सपाट जागेवर, कंपनीनं सांगितलेल्या तापमानाला आणि सांगितलेल्या पद्धतीनं पाहा. डिपस्टिक नसलेल्या बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरांत काही सेकंद थांबून, ऑइल साधारण 35 ते 45 अंशांवर असताना लेव्हल प्लग उघडतात. धार थांबून थेंब-थेंब पडू लागलं की लेव्हल बरोबर. तापमान हाताला अंदाजानं कळत नाही, स्कॅनरवर वाचा. ऑइल गरम झालं की फुगतं, त्यामुळे 70 अंशांवर जुळवलेली लेव्हल प्रत्यक्षात कमी असते.

बदलल्यानंतर त्रास झाला तर

गिअर उशिरा लागतोय तर लेव्हल कमी आहे का बघा. ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा बाहेर जाण्याच्या वाटेतून) ऑइल बाहेर येतंय किंवा फेस दिसतोय तर जास्त भरलंय. फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेसाळलेल्या ऑइलनं दाब टिकत नाही आणि जास्तीचं ऑइलही कमी ऑइलसारखीच लक्षणं दाखवतं.

स्पेक आणि लेव्हल दोन्ही बरोबर असून झटके बसत असतील, तर गॅरेजनं ॲडॅप्टेशन रिसेट केलं का, ते विचारा. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर झिजलेल्या प्लेटांनुसार दाब जुळवून घेत असतो. रिसेटनं ही शिकलेली माहिती पुसली की पुन्हा शिकेपर्यंत झटके बसतात. काही गाड्यांना ऑइल बदलल्यावर हे रिसेट लागतं, काहींना लागत नाही. कंपनीनं सांगितलेली री-लर्नची प्रक्रिया पूर्ण करा. दोन-तीनशे किलोमीटरनंतरही झटके तसेच राहिले, तर ऑइलचा नमुना आणि स्कॅनरमधले कोड घेऊन ऑटोमॅटिकचंच काम करणाऱ्या मेकॅनिककडे जा.