निर्यातीच्या द्राक्षबागेत या चुका टाळा

युरोपात द्राक्षे पाठवताना मण्याची फुगवण, रंग आणि गोडी एवढ्यावर आता भागत नाही. चढा दर देणारा खरेदीदार बागेत वर्षभर काय घडले याचा लेखी पुरावा मागतो आणि तो पुरावा काढणीच्या आठवड्यात तयार करता येत नाही. तरीही निर्यात गटांच्या बैठकींत दर हंगामात त्याच त्या चुका पाहाव्या लागतात, आणि त्यांतील बहुतेक अज्ञानापेक्षा घाईतून होतात.

टॉनिकला औषध न मानणे

ही चूक सर्वांत महागात पडते. दिंडोरी तालुक्यातील एका गटात एक अतिशय देखणी बाग होती. शेवटच्या रासायनिक फवारणीनंतरचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे किमान दिवस, व्यवस्थित पाळलेला होता आणि फवारणी वहीही खरी होती. तरी प्रयोगशाळेच्या अहवालात फिप्रोनील हे रासायनिक कीटकनाशक निघाले. बागायतदार शपथेवर सांगत होते की हे औषध आपल्या बागेत आलेच नाही. बरीच विचारपूस केल्यावर कळले की फुलकिड्यांसाठी ‘पूर्ण वनस्पतिजन्य’ म्हणून एक अर्क फवारला होता आणि तो जैविक असल्यामुळे वहीत लिहिण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. बाटलीत उरलेला द्रव तपासला, तेव्हा त्यातही तोच घटक सापडला. दुकानदाराकडे दाद मागावी, तर पक्के बिल घेतलेले नव्हते. तो माल शेवटी देशी बाजारात, मिळेल त्या दराला गेला.

अशी जादुई बाटली विकणाऱ्यांइतकाच, ती बिलाशिवाय घेणाऱ्यांचाही मला राग येतो. जैव-उत्तेजके, म्हणजे वाढीसाठी दिली जाणारी ही टॉनिके, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आहेत आणि त्यांत कीडनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा (किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा) अधिक असता कामा नये. माझी पद्धत साधी आहे: वेलीवर किंवा ठिबकमधून जे जे जाते, ते सर्व वहीत येते, प्रत्येक डब्याच्या बॅच क्रमांकाचे छायाचित्र बिलाशेजारी राहते, आणि बाटलीच्या तळाशी थोडा द्रव हंगाम संपेपर्यंत जपून ठेवला जातो. नव्या उत्पादनाची परीक्षा निर्यातीच्या प्लॉटवर घेऊ नये.

वही ऑक्टोबरमध्ये उघडणे

अनेकांची नोंदवही गोड छाटणीपासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठी होणाऱ्या छाटणीपासून, सुरू होते. २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळून युरोपात मोठा गोंधळ झाला, तो ज्यांनी पाहिला त्यांना यातील धोका सांगावा लागत नाही. हे वाढनियंत्रक, म्हणजे आपले सीसीसी, खरड छाटणीनंतर, म्हणजे त्याआधी उन्हाळ्यात नव्या काड्यांसाठी होणाऱ्या छाटणीनंतर, दिले जात असे. ते वेलीत टिकून राहिले आणि अनेक महिन्यांनी आलेल्या मण्यांत उतरले. तपासणीच्या यादीत तोवर त्याचे नावच नव्हते. म्हणून वही खरड छाटणीच्या दिवशी उघडावी. एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेली वही लेखापरीक्षकाच्या पहिल्या पानापासूनच लक्षात येते.

कालची यादी आज वापरणे

पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची शिफारस यादी दर हंगामात नव्याने पाहावी. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक एके काळी सर्रास वापरले जाई. युरोपने २०२० मध्ये मालातील त्याच्या अंशाची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. ज्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्यालाही सर्वसाधारणपणे हाच आकडा लागू होतो. त्यावर काही सुपरमार्केट साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापुढचा अंश स्वीकारत नाहीत आणि एका नमुन्यात किती घटक चालतील यावरही बंधन घालतात. खरेदीदाराची ही अट छाटणीपूर्वी लेखी मागून घ्यावी.

सेंद्रिय, रेसिड्यू-फ्री आणि पर्यावरणपूरक यांची सरमिसळ

रेसिड्यू-फ्री, म्हणजे तपासणीत औषधाचा अंश न आढळलेला, माल तेवढ्याने सेंद्रिय ठरत नाही. पीजीएस, म्हणजे शेतकरी गटांनी एकमेकांची शेते तपासून दिलेले सेंद्रिय प्रमाणपत्र, देशांतर्गत बाजारासाठी आहे. सेंद्रिय म्हणून निर्यात करायची तर एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालील मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते आणि द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकाला साधारणपणे ३ वर्षांचा रूपांतरण काळ (रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा काळ) पाळावा लागतो. हा काळ ‘काहीतरी करून’ कमी करता येईल का, असे विचारणाऱ्यांनी सेंद्रियच्या वाटेला जाऊ नये. खोक्यावर नुसते ‘पर्यावरणपूरक’ छापण्याची हौसही आवरावी, कारण सप्टेंबर २०२६ पासून युरोपीय संघात पुराव्याविना असे मोघम दावे करण्यास बंदी लागू होत आहे.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी

प्रयोगशाळेने नमुना नेल्यानंतर फवारणी करू नये. तसे केल्यास हातातला अहवाल त्या मालाचा राहत नाही.

प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे माल पाठवण्यापूर्वी थंड करण्यातही, घाई नको. घड सकाळच्या गारव्यात तोडावेत, क्रेट सावलीत ठेवावेत आणि गराचे तापमान थर्मामीटर टोचून पाहावे. खोलीच्या भिंतीवरील आकड्यावर मी विसंबत नाही. माल पुरता थंड होण्याआधी बुरशी रोखणारे सल्फर डायऑक्साइडचे पॅड घालून खोकी बंद केली, तर आत पाणी सुटते, वायू एकदम बाहेर पडतो आणि मणी पांढुरके पडतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. पूर्वी नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरापर्यंत कसाबसा टिकणारा अर्धवट थंड माल अशा प्रवासात वाटेतच खराब होतो, त्यामुळे गराचे तापमान उतरल्याशिवाय कंटेनरचे दार लावू देऊ नये, मग चालक कितीही हॉर्न वाजवो.